हौलदिली बघायला चला : शनिवारच्या मराठी वर्गाच्या पालकांना खुलं पत्र

इथे कतारमध्ये, दोह्यातल्या आपल्या शनिवारच्या मराठी वर्गाच्या सर्व आई-बाबांना सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातल्या पालकसभेत वर्गाची वार्षिक सहल म्युझियम ऑफ इस्लामिक आर्टला न्यायची की नाही, यावर हात वर करून मतं घेतली आणि सहल बारगळली. त्याऐवजी मुलांना वॉटरपार्कला न्यायचं ठरलं. मुलांनी पाण्यात मनसोक्त खेळावं, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण त्या सभेत जे बोललं गेलं ते मला अजून सोडत नाही. "तिथे आपलं काय आहे?" असं एका दादांनी विचारलं. दुसरे म्हणाले, "ज्यांनी आपली देवळं पाडली त्यांची भांडीकुंडी मुलांना कशाला दाखवायची?" आणि एक ताई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मुलांनी काही विचारलं तर मलाच सांगता येणार नाही." मी तेव्हा गप्प बसले. मी शिकवणारी, सहलीचा निर्णय पालकांचा, अशी मी माझी समजूत घातली. ती चूक होती. तिघांनाही उत्तर द्यायला हवं होतं. ते आज देते आहे आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे देते आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना ती इमारत बाहेरून पाठ आहे. थंडीचे दिवस आले की आपण तिच्याच बागेत चटया अंथरतो, डब्यातले पोहे आणि ढोकळे खातो, समोर वेस्ट बेचे मनोरे उजळताना बघतो, पाण्यात डुलणाऱ्या जुन्या लाकडी गलबतांपुढे मुलांचे फोटो काढतो. कितीतरी घरांच्या दिवाणखान्यात त्या इमारतीसमोरचा फोटो मी पाहिला आहे. आत गेलेली घरं मात्र मला दोनच आठवतात. मीही दोह्यात आल्यावर चार वर्षं आत गेले नव्हते.

गेले ते आईमुळे. आई गावाहून आली होती. आमचं गाव रावेर तालुक्यात. केळीचा प्रदेश. उन्हाचा तडाखा होता आणि बाहेर फिरवायची सोय नव्हती, म्हणून तिला तिथे नेलं, खरं सांगायचं तर गारव्यासाठी. आतली दालनं अंधारी आहेत. भिंती काळसर आणि उजेड फक्त काचेमागच्या वस्तूवर. आई एकेका काचेपाशी थांबत, हात मागे बांधून, देवळातल्यासारखी हळूहळू चालत होती. एका काचेपाशी ती थांबली ती हलेचना. आत जेडचा एक छोटासा कोरीव दगड होता. गळ्यात घालायचा ताईत. त्यावर बारीक अक्षरं कोरलेली. मी पाटी वाचून दाखवली : हलदिली, म्हणजे हौलदिली. शाहजहान बादशहासाठी केलेली. हिजरी सन १०४१, म्हणजे १६३१-३२. हौल म्हणजे धास्ती, दिल म्हणजे काळीज. काळजाची धडधड, दुःखाने बसलेली धास्ती शमवण्यासाठी हा दगड छातीवर घालत.

आई पटकन म्हणाली, "म्हणजे आपलं हवालदिल."

मी तिच्याकडे बघतच राहिले. वादळाने केळीची बाग आडवी झाली की दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या पेपरात ठरलेली ओळ असते : शेतकरी हवालदिल. माझ्या वडिलांना ओसरीवर डोक्याला हात लावून बसलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या बसण्यासाठी आमच्या घरात हाच एक शब्द होता. तो कुठून आला हे मला कधी सुचलंसुद्धा नव्हतं. तो शब्द दगड होऊन माझ्यासमोर काचेत ठेवलेला होता.

मग आईने विचारलं, "हे कुठलं साल म्हणालीस?" मी परत सांगितलं. ती म्हणाली, "तेव्हा तो आपल्या बुऱ्हाणपुरातच होता की."

रावेरहून बुऱ्हाणपूर म्हणजे आम्हाला बाजारपेठ. मध्ये राज्याची सीमा आहे, पण भुसावळ-खांडवा गाडीत बसलं की ती कधी ओलांडली ते कळत नाही. लग्नाचा बस्ता तिथला, मावा जिलेबी तिथली. आणि शाहजहान १६३० ते १६३२ या काळात दख्खनच्या मोहिमेसाठी तिथेच मुक्कामाला होता. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल तिथेच वारली. तापीपलीकडच्या बागेत तिला आधी पुरलं आणि सहाएक महिन्यांनी तिचं शव आग्र्याला हलवलं. ताजमहाल नंतरचा. हिजरी १०४१ हे साल तिच्या मृत्यूनंतर दीड महिन्यात सुरू होतं. या दगडाचा आणि त्या शोकाचा संबंध जोडतात तो म्हणूनच. माझ्या माहेरापासून तासाभरावर एक माणूस हवालदिल झाला, आणि त्याच्या छातीवरचा ताईत मी समुद्र ओलांडून दोह्यात पाहत होते.

"तिथे आपलं काय आहे?" असं विचारणाऱ्या दादांना माझं पहिलं उत्तर हे.

आता दुसऱ्या दादांविषयी. त्यांचा राग मला परका नाही. देवळं पाडली गेली, हे खरं आहे. शाहजहान बुऱ्हाणपुरात कशासाठी बसला होता? निजामशाही बुडवण्यासाठी. मी आमच्या मुलांना तो ताईत दाखवू इच्छिते तो नेमका त्या साली महाराष्ट्रात काय चाललं होतं हे सांगण्यासाठी. शिवनेरीवर शिवबा दोन वर्षांचे होते. शहाजीराजे त्या दोन-तीन वर्षांत निजामशाहीतून मोगलांकडे गेले, १६३२ मध्ये मोगलांना सोडून परत फिरले, पुढे निजामशाहीच्या एका लहान वारसाला गादीवर बसवून १६३६ पर्यंत मोगलांशी आणि आदिलशहाशी झुंजले. आणि त्याच काळात दख्खनेत आणि गुजरातेत भयंकर दुष्काळ पडला होता. माणसं अन्नावाचून रस्त्यात मरत होती. देहूला तुकोबांची पहिली बायको त्याच दुष्काळात अन्न अन्न करत गेली. मुलगाही गेला. तुकोबांनी ते स्वतः सांगून ठेवलं आहे.

एकाच दुष्काळी काळात दोन माणसांच्या बायका गेल्या. एकाला जेडचा ताईत मिळाला आणि जगाने बघावी अशी कबर बांधता आली. दुसऱ्याचं दुकान बुडालं, घर बसलं, आणि तो डोंगरावर जाऊन बसला. हा ताईत बघताना मला बादशहाची कीवही आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे समजत नाही असं समजू नका. त्याला शिवरायांचं बालपण आपण गोष्टीतून सांगतो. त्या गोष्टीत पलीकडच्या बाजूला कोण होतं, त्याचं दुःख काय होतं, त्याच्या अंगावर काय होतं आणि त्याच वेळी गावोगावची माणसं काय सोसत होती, हे सगळं एका हातात मावणाऱ्या वस्तूपाशी उभं राहून सांगता येतं. अशी वस्तू आपल्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

आणि बुऱ्हाणपूरचीच आणखी एक गोष्ट त्या दादांसाठी. तिथल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने १५९० च्या सुमारास एक शिलालेख कोरवला आहे, तो संस्कृतात आहे. अरबी लेख आहे आणि त्याच्या जोडीला देवनागरीत संस्कृत. लहानपणी मी तो पाहिला तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मशिदीत संस्कृत असतं, असंच मला वाटायचं. इतिहासात पाडणंही आहे आणि हेही आहे. मुलांना फक्त एकच सांगितलं तर ती मोठी झाल्यावर दुसरं कुणाकडून तरी ऐकतील, आणि मग आपण लपवलं असं त्यांना वाटेल.

सभेत कुणीतरी शिवरायांच्या राज्यव्यवहारकोशाची आठवण काढली होती, की महाराजांनी फारसी शब्द काढून टाकले आणि तुम्ही ते परत शिकवणार का. कोश महाराजांनी करवून घेतला, हे खरं. राज्यकारभाराची भाषा आपली असावी ही त्यांची इच्छा थोर होती आणि मी ती वर्गात दरवर्षी सांगते. पण तो कोश करायला ज्या पंडितांना बसवलं त्यांना प्रत्येक फारसी शब्दाचा अर्थ नीट ठाऊक होता. न जाणता टाकून दिलं नव्हतं. आणि आपल्या तोंडातून ते शब्द गेले का? मी मुलांना शुद्धलेखन घालते तेव्हा ती कागद घेतात. पूर्वी माणसं दौतीत बोरू बुडवून शाईने लिहीत असं मी त्यांना सांगते. कागद, दौत, शाई, तिन्ही तिकडून आलेले. पेशवा हा शब्दही फारसी आणि पेशव्यांच्या दप्तराची कापडी गासोडी म्हणजे रुमाल, तेही फारसीच. म्युझियममध्ये पितळेची कलमदानं आहेत. त्यांवर चांदीची तार ठोकून नक्षी आणि अक्षरं बसवली आहेत. ज्याच्या घरी बिदरीची डबी आहे त्याला ते काम ओळखू येईल. कुराणाची जुनी पानं आहेत. निळ्या रंगात बुडवलेल्या पानावर सोन्याने लिहिलेली पानं मला सर्वांत सुंदर वाटली. मला अरबी वाचता येत नाही. तरी ओळ कुठे श्वास घेते हे दिसतं. आमच्या मुलांनी हे पाहावं अशी माझी इच्छा आहे, कारण सुंदर अक्षर काढायचा त्यांचा कंटाळा कशानेही जात नाही आणि तिथे माणसांनी एका अक्षराच्या वळणासाठी आयुष्य घातलं आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आणि जुन्नरला हातकागद होत असे, आपली जुनी दप्तरं त्यावरच लिहिलेली आहेत, हेही तिथेच सांगता येईल.

आता त्या ताईंविषयी, ज्यांना उत्तर देता येणार नाही याची धास्ती वाटली. ताई, तुम्ही जे बोललात ते मला सगळ्यांत खरं वाटलं. मलाही तीच धास्ती होती. म्हणून काय सांगता येईल ते थोडं लिहिते. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुम्हाला पुष्कळ येतं.

मुलं पहिल्यांदा विचारतील की इथे चित्रंच नाहीत का. आहेत. इराणच्या हस्तलिखितांत माणसं, घोडे, बागा सगळं आहे. आणि एक काशाची हरिणी आहे, स्पेनमधल्या कॉर्डोबाजवळच्या राजवाड्यातल्या कारंज्याची, दहाव्या शतकातली. तिच्या तोंडातून पाणी पडायचं. अंगभर वेलबुट्टी. मुलांना म्हणावं, आपल्या तीर्थावर गोमुखातून पाणी येतं, तशी ही. मुलं लगेच समजतात. तिच्यासारखंच दुसरं हरीण तिकडे कॉर्डोबात आहे.

ग्रहताऱ्यांची पितळी यंत्रं दिसतील, चकत्यांवर चकत्या बसवलेली. सूर्य किंवा तारा किती उंचीवर आहे ते मोजून वेळ काढायची, दिशा काढायची. भारतात याला यंत्रराज म्हणत. १३७० साली महेंद्र सूरी नावाच्या जैन मुनींनी दिल्लीत फिरोजशहा तुघलकाच्या दरबारात राहून यावर संस्कृत ग्रंथ लिहिला. त्याचं नावही यंत्रराजच. ज्या मुलांना गणित आवडतं ती इथून हलणार नाहीत, एवढं मी अनुभवाने सांगते.

नवव्या शतकातले इराकमधले पांढरे वाडगे आहेत, त्यांवर निळ्या रंगात दोन-तीन फटकारे. चीनहून पांढरीशुभ्र भांडी येत होती. तशी माती बसऱ्याच्या कुंभारांकडे नव्हती. म्हणून त्यांनी कथलाचा पांढरा लेप काढला आणि त्यावर निळ्याने लिहिलं. नसलेल्या मातीवर केलेला हा उपाय मला फार आवडतो.

आणि नक्षी. नक्षीला घाबरायचं काहीच कारण नाही, कारण तुम्ही प्रत्येकीने ठिपक्यांची रांगोळी काढली आहे. आधी ठिपके, मग ओळी, मग ठिपके पुसले की उरते ती आकृती. तिथल्या फरशांवरच्या आणि लाकडी दारांवरच्या आकृत्या कंपास आणि पट्टी घेऊन अशाच काढलेल्या आहेत. एक चौकोन सरळ, त्यावर दुसरा चौकोन तिरका ठेवला की आठ टोकांची चांदणी होते. हीच चांदणी विजापूरच्या गोलघुमटात आहे. वर्गात सोलापूरची आणि सांगलीची पाच घरं आहेत, त्यांनी शाळेच्या सहलीत तिथे जाऊन हाका मारलेल्या आहेत. तो प्रचंड घुमट एकमेकांत अडकलेल्या अशाच दोन चौकोनांच्या कमानींवर पेललेला आहे. तो मुहंमद आदिलशहाने बांधला, ज्याच्या चाकरीत पुढे शहाजीराजे होते. चौकोनावर गोल कसा बसवायचा हा गवंड्याचा जुना प्रश्न आहे आणि हे त्याचं एक उत्तर.

इमारतीचंही तेच. ती आय. एम. पेई यांची. चीनमध्ये जन्मलेले, अमेरिकेत नाव कमावलेले, पॅरिसच्या लूव्हरपुढचा काचेचा पिरॅमिड बांधणारे. हे काम आलं तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. इस्लामी वास्तुकलेची मला माहिती नाही, असं म्हणून ते शिकायला निघाले. कॉर्डोबा, आपलं फतेहपूर सिक्री, ट्युनिशिया असं फिरले. शेवटी कैरोतल्या इब्न तुलून मशिदीच्या अंगणातल्या तेराव्या शतकातल्या वजूच्या, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याच्या, कारंज्यापाशी त्यांना हवं ते सापडलं. खाली चौकोन, वर अष्टकोन, त्यावर घुमट. ऊन पडलं की त्या तीन आकारांवर सावली सरकते, एवढंच. दोह्यात त्यांनी तेच मोठं केलं. शेजारी कुणी उंच इमारत बांधून ती झाकू नये म्हणून समुद्रात भर घालून वेगळं बेट करून मागितलं. २००८ मध्ये संग्रहालय उघडलं तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. आत मधोमध उभं राहून वर पाहिलं की तो चौकोनाचा अष्टकोन आणि अष्टकोनाचा गोल होताना दिसतो. ऐंशी ओलांडलेला माणूस "मला माहीत नाही" म्हणून शिकायला निघतो. मग ताई, आपण तिशी-चाळिशीतल्या बायका कशाला संकोचतो? मुलाने विचारलं आणि नाही आलं, तर त्याच्याबरोबर खाली वाकून पाटी वाचायची.

अजून एक, मुंबईकरांसाठी. आखातातल्या समुद्रातून काढलेले मोती विकायला मुंबईच्या बाजारात येत असत. रुपया १९६६ पर्यंत इथे कतारमध्ये चलन म्हणून चालत होता. आपण इथे नोकरीच्या निमित्ताने नव्याने आलो असं आपल्याला वाटतं, पण हे पाणी आपल्या किनाऱ्याला फार जुनं ओळखतं. बागेसमोर नांगरलेली गलबतं त्यासाठीच मुलांना दाखवायची.

तर माझं मागणं असं. वॉटरपार्कची सहल ठरली आहे, ती होऊ दे. त्याशिवाय पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, नेहमीच्या वर्गाच्या वेळेत, वर्ग म्युझियममध्ये भरवू. कतार आयडी असलेल्यांना तिकीट नाही, तेव्हा खर्चाचा प्रश्न येत नाही. सगळं संग्रहालय बघायचं नाही. मुलं दमतात आणि मग त्यांना काहीच आठवत नाही. पाच वस्तू बघू : हरिणी, निळा वाडगा, यंत्रराज, एक कलमदान आणि हौलदिली. एखादी वस्तू त्या दिवशी मांडलेली नसेल तर तिच्या जागी मुलांनीच दुसरी निवडावी. प्रत्येक वस्तूपाशी दहा मिनिटं बसायचं आणि वहीत तिचं चित्र काढायचं. ज्यांना मुलांना पाठवायचं नाही त्यांनी पाठवू नये. त्या दिवशी घरी काय करायचं ते मी वेगळं कळवेन आणि मुलाचं काही बुडणार नाही. पण ज्या दोन दादांनी सभेत विरोध केला त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की मुलांना पाठवा अथवा न पाठवा, तुम्ही मात्र या. शहाजीराजांची ती तीन वर्षं मला जेवढी सांगता येतात त्यापेक्षा तुमच्यापैकी एकांना कितीतरी चांगली सांगता येतील, हे मी शिवजयंतीच्या तुमच्या भाषणात ऐकलं आहे. हौलदिलीपाशी मुलांपुढे मी बोलण्यापेक्षा तुम्ही बोलावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला जे सांगायचं ते सगळं सांगा, देवळांचंही सांगा.

सकाळी साडेनऊला खजुरीच्या झाडांची रांग जिथे सुरू होते तिथे मी उभी असेन. येताना मुलांबरोबर वही, पट्टी आणि कंपासपेटी द्या. पेन देऊ नका, शिसपेन्सिल द्या.

आपली,
शनिवारच्या वर्गाची शिक्षिका